एकास दोन, पण कशाचे?



ही व्याख्यानमाला ज्यांच्या स्मरणार्थ चालते ते सर हयातभर रसायनशास्त्र शिकवत होते. तरीही या व्यासपीठावर आजवर संतसाहित्य झालं, शेतीचे प्रश्न झाले, निवडणुका झाल्या, रसायनशास्त्र तेवढं राहून गेलं. श्रोते येतील की नाही, ही कार्यकर्त्यांची काळजी रास्तच म्हटली पाहिजे. विषय निवडायची मोकळीक त्यांनी मला दिली, तेव्हा त्यांच्या मनात अणुऊर्जा किंवा प्रदूषण असं काही भारदस्त असावं. मी निवडला तो अकरावीच्या अगदी सुरुवातीचा, पोरांना नकोसा वाटणारा विषय. रासायनिक समीकरणात रेणूंच्या आधी जे छोटे आकडे लिहितात, त्यांचं करायचं काय? क्लासच्या भाषेत याला ‘मोल कन्सेप्ट’ म्हणतात. सीईटी आणि नीटला यावर हमखास प्रश्न येतो. मुलं सूत्रांचा कागद पाठ करतात, प्रश्न सोडवतात, मार्क मिळवतात. पण त्या आकड्याचा अर्थ विचारला की गप्प होतात. माझी तक्रार एवढीच आहे.

तक्रार हवेत राहू नये म्हणून आपल्याकडचंच उदाहरण घेतो. साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत एक टन मळी आली, तर त्यातून जास्तीत जास्त किती लिटर अल्कोहोल निघेल? पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांच्या वार्षिक सभांमध्ये याच्याशी जवळचे आकडे ऐकू येतात आणि त्यावरून वादही होतात. पुढची बरीचशी गोष्ट या एका प्रश्नाभोवती फिरणार आहे.

मळीतली आंबू शकणारी साखर यीस्ट खातं आणि तिचं अल्कोहोल करतं. समीकरण असं: ग्लुकोजच्या एका रेणूपासून इथेनॉलचे दोन रेणू आणि कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू. संतुलित आहे का, ते पाहू. ग्लुकोजमध्ये कार्बनचे ६, हायड्रोजनचे १२ आणि ऑक्सिजनचे ६ अणू. इथेनॉलमध्ये कार्बन २, हायड्रोजन ६, ऑक्सिजन १. दोन इथेनॉल आणि दोन कार्बन डायऑक्साइड यांची बेरीज करा, कार्बन ६, हायड्रोजन १२, ऑक्सिजन ६. जमा तेवढंच नावे. इथवर कुणी चुकत नाही.

चूक होते ती पुढच्या ओळीत. ‘एकास दोन’ असं वाचल्याबरोबर चांगला हुशार मुलगाही लिहून मोकळा होतो, की एक किलो ग्लुकोजपासून दोन किलो इथेनॉल. त्याला विचारावं, आणि कार्बन डायऑक्साइड? तोही दोन किलो. म्हणजे एका किलोचे चार किलो झाले! असं जमलं असतं तर एकही साखर कारखाना तोट्यात गेला नसता. मुलगा हसतो, खोडतो आणि सूत्र शोधायला लागतो. खरं तर त्या क्षणी सूत्र बाजूला ठेवून विचारायला हवं, की हे दोन कशाचे?

आपल्याकडे या हिशेबाला जुनं नाव आहे, त्रैराशिक. तीन राशी दिलेल्या, चौथी काढायची. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त त्रैराशिकाला जी अट घातली आहे ती मला फार महत्त्वाची वाटते. प्रमाण आणि इच्छा या दोन राशी एकाच जातीच्या हव्यात, फळ दुसऱ्या जातीचं असतं. केशराचं वजन विचारलं असेल तर दोन्हीकडे वजनच पाहिजे. एकीकडे वजन आणि दुसरीकडे नग, असं चालत नाही. समीकरणातला ‘एकास दोन’ हा नगांचा भाव आहे. डिस्टिलरीच्या काट्यावर येते ती मळी किलोत. किलोचा आकडा थेट नगांच्या भावात घातला की जात बदलली आणि त्रैराशिक कोसळलं. स्टॉइकिओमेट्री या भीतिदायक नावाच्या प्रकरणात मुलं ज्या चुका करतात त्यांतल्या बहुतेक याच एका जातीच्या असतात.

मग किलोतून नगांत जायचं कसं? रेणू मोजता येत नाहीत, वजन मात्र करता येतं. बँकेत नाण्यांची थैली आली की कुणी एकेक नाणं मोजत बसत नाही. एका नाण्याचं वजन ठाऊक असतं, थैली काट्यावर ठेवली की नग कळतात. मोल म्हणजे हीच युक्ती. ग्लुकोजच्या रेणूचं सापेक्ष वजन १८०, म्हणून १८० ग्रॅम ग्लुकोज म्हणजे एक मोल. इथेनॉलचं ४६, कार्बन डायऑक्साइडचं ४४. एका मोलमध्ये नग किती, तर ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३वा घात. २० मे २०१९ पासून हा आकडा व्याख्येनेच पक्का केलेला आहे. गंमत अशी, की मळीचा हिशेब करताना या अवाढव्य संख्येची गरजच पडत नाही. दोन्ही बाजूंना ती सारखीच असल्यामुळे उडून जाते. परीक्षेत तिच्यावर इतका भर का देतात, हे मला कळलेलं नाही.

तेव्हा वाट अशी ठरली. ग्रॅमवरून ग्लुकोजच्या मोलवर, तिथून समीकरणातल्या आकड्यांनी इथेनॉलच्या मोलवर, आणि तिथून परत ग्रॅमवर. रसायनशास्त्र फक्त मधल्या पायरीत आहे. पहिली आणि शेवटची पायरी निव्वळ भागाकार-गुणाकाराची.

ही मधली पायरी किती महागात पडली, हे आजच्या पाठ्यपुस्तकांतून कळत नाही. वजनांची प्रमाणं लवकर सापडली. येरेमियास रिश्टर नावाच्या जर्मन गृहस्थाने १७९२ मध्ये या विद्येला स्टॉइकिओमेट्री हे नाव दिलं. अमुक इतक्या आम्लाला अमुक इतका अल्क लागतो, हे त्याने तोलून दाखवलं. गणिताचं त्याला वेडच होतं. अल्कांची वजनं अंकगणिती श्रेढीत आणि आम्लांची भूमितीय श्रेढीत बसतात, असंही तो सांगत राहिला आणि ते साफ चुकीचं होतं. वजनांवरून नग ओळखण्याची खरी अडचण आली ती डाल्टनच्या काळात. एक ग्रॅम हायड्रोजन आठ ग्रॅम ऑक्सिजनशी जुळतो आणि पाणी होतं, हे तोलून कळतं. पण पाण्याच्या रेणूत हायड्रोजनचा अणू एक की दोन, हे काटा कसं सांगणार? डाल्टनने एक मानला. १८०८ मध्ये गे-ल्युसॅकने दाखवलं, की दोन आकारमान हायड्रोजन आणि एक आकारमान ऑक्सिजन यांपासून दोन आकारमान वाफ होते. १८११ मध्ये तुरिनच्या आव्होगाद्रोने त्याचा अर्थ लावला: समान तापमानाला आणि दाबाला वायूंच्या समान आकारमानात रेणूंची संख्या समान. म्हणजे आकारमानं मोजली की नग मोजले गेले! उत्तर हातात होतं, पण जवळजवळ पन्नास वर्षं कुणी ते उचललं नाही.

परिणाम काय झाला? केकुलेने १८६१ च्या आपल्या ग्रंथात एकट्या ॲसेटिक आम्लाची, म्हणजे व्हिनेगरमधल्या आम्लाची, तेव्हा प्रचारात असलेली १९ सूत्रं दिली आहेत. पदार्थ एक, सूत्रं एकोणीस. तोलायला सगळ्यांना येत होतं, मोजण्यावर मात्र एकमत नव्हतं. सप्टेंबर १८६० मध्ये कार्ल्सरूह इथे रसायनशास्त्रज्ञांची परिषद भरली ती याच घोळासाठी. परिषदेत निर्णय असा काही झाला नाही. परिषद संपताना कान्निझ्झारोची एक छोटी पुस्तिका वाटण्यात आली. आव्होगाद्रोचा विचार धरला तर सगळी अणुवजनं कशी सुसंगत लागतात, ते तिच्यात होतं. ती वाचून पटलेल्यांत लोथार मायर होता, आणि परिषदेला मेंडेलेव्हही हजर होता. आवर्तसारणीची मुळं तिथवर जातात. तेव्हा वहीत ‘२’ हा आकडा लिहिताना, तो ठरवायला अर्धं शतक लागलं होतं, एवढं मुलांच्या कानावर घालावं. परीक्षेला येत नाही, म्हणून वगळू नये.

आता आपली मळी. साखर काढून काढून शेवटी जी उरते तिला सी मळी म्हणतात. तिच्यात आंबणारी साखर साधारण ४० ते ४५ टक्के असते, आपण ४२ धरू. एक टनात ४२० किलो. पण ही साखर म्हणजे नुसतं ग्लुकोज नव्हे. तिच्यात ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि उसाची साखर, म्हणजे सुक्रोज, तिन्ही असतात. फ्रुक्टोजचं रेणुवस्तुमानही १८०च, त्यामुळे त्याचा त्रास नाही. सुक्रोजचं ३४२. यीस्ट आधी त्याला पाण्याचा एक रेणू जोडून फोडतं आणि ग्लुकोज व फ्रुक्टोज असे दोन रेणू करतं. ३४२ ग्रॅम सुक्रोज आणि १८ ग्रॅम पाणी मिळून ३६० ग्रॅम. म्हणजे ९५ किलो सुक्रोजची १०० किलो आंबणारी साखर होते. पाच किलो कुठून आले? पाण्यातून. डिस्टिलरीच्या प्रयोगशाळेत केमिस्ट मंडळी सुक्रोजचा आकडा ०.९५ ने भागून त्यात बाकीची साखर मिळवतात आणि बेरजेला टीआरएस म्हणतात. रोज हा भागाकार करणाऱ्यांपैकी कितींना ठाऊक असतं, की ०.९५ म्हणजे ३४२ भागिले ३६०, आणि त्यामागे पाण्याचा एकच रेणू उभा आहे? आपले ४२० किलो हे टीआरएसच आहेत असं समजू.

४२० किलो म्हणजे ४,२०,००० ग्रॅम. भागिले १८०, आले २,३३३ मोल. एकास दोन, म्हणून इथेनॉल ४,६६७ मोल. गुणिले ४६, म्हणजे सुमारे २१५ किलो. इथेनॉल पाण्याहून हलकं, एका लिटरला ७८९ ग्रॅम. तेव्हा सुमारे २७२ लिटर. कार्बन डायऑक्साइडही ४,६६७ मोल, गुणिले ४४, २०५ किलो. २१५ आणि २०५, बेरीज ४२०. निम्मी साखर वायू होऊन उडून जाते, हे ऐकून शेतकरी श्रोत्यांना वाईट वाटेल, पण समीकरणात तडजोड होत नाही. काही डिस्टिलऱ्या हा वायू पकडतात. तो शीतपेयांच्या बाटल्यांत जातो, त्याचा कोरडा बर्फही होतो.

प्रत्यक्षात सी मळीच्या टनाला २७२ लिटर कुणालाच मिळत नाही. २२५ ते २४० च्या घरात मिळालं तरी डिस्टिलरी बरी चालली म्हणायची. मग समीकरण खोटं ठरलं का? माझ्या मते समीकरणाचा खरा उपयोग इथूनच सुरू होतो. २७२ ही कमाल मर्यादा आहे. तिच्या वर कुणी आकडा सांगितला, तर मोजण्यात चूक आहे किंवा सांगण्यात लबाडी आहे, हे मळीची टाकीसुद्धा न बघता म्हणता येतं. आणि तिच्या खाली आकडा आला, तर फरक कुठे गेला ते शोधता येतं. फर्मेंटरमध्ये नव्वद टक्के साखरेचं अल्कोहोल झालं, ऊर्ध्वपातनात दीडेक टक्का गेला, तर २४१ लिटर उरतात. डिस्टिलरीत ‘फर्मेंटेशन एफिशिअन्सी’ म्हणून जो आकडा फळ्यावर लिहितात, त्याचा छेद या मोलच्या गुणोत्तरातूनच आलेला असतो. छेद नसेल तर टक्केवारीला अर्थ उरत नाही.

आता थोडा मागे जातो, कारण या एका अभिक्रियेचं रसायनशास्त्राशी फार जुनं नातं आहे. अभिक्रियेत द्रव्य नाहीसं होत नाही आणि नव्याने निर्माणही होत नाही, हे तत्त्व लाव्हाझियेने १७८९ च्या आपल्या ग्रंथात मांडलं. ते त्याने कोणत्या प्रकरणात मांडलं, ठाऊक आहे? मद्याच्या किण्वनाच्या. साखर, पाणी आणि यीस्ट तोलून घेतलं, शेवटी निघालेलं सगळं तोललं आणि जमाखर्च जुळवला. लाव्हाझिये पेशाने करवसुलीच्या कंपनीचा भागीदार होता, वह्या जुळवणं त्याच्या अंगात मुरलेलं. त्याच पेशामुळे १७९४ मध्ये त्याची मान गिलोटिनखाली गेली. पण त्याचा हा प्रसिद्ध जमाखर्च बारकाईने पाहिला, तर त्यातली साखरेची आणि अल्कोहोलची पृथक्करणं बरीच चुकलेली होती. चुका एकमेकींना छेद देऊन गेल्या आणि बेरीज जुळली. तत्त्व बरोबर, आकडे चुकीचे, आणि तरी ताळा जमला. हिशेबनीस मंडळींना हे दुःख चांगलं ठाऊक असेल.

पुढे १८१५ मध्ये गे-ल्युसॅकने साखरेचं अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड असं जवळजवळ निम्मं-निम्मं विभाजन मांडलं. आज डिस्टिलरीतही त्याच्याच नावाने ते समीकरण ओळखतात. उसाच्या साखरेला आधी पाणी जोडावं लागतं, हे १८२८ मध्ये ड्यूमा आणि बूले यांनी दाखवलं. मग आला पाश्चर. १८६० च्या प्रबंधात त्याने नुसतं अल्कोहोल मोजलं नाही, उरलेलं काय होतं तेही मोजलं. १०० भाग उसाच्या साखरेपासून समीकरणाप्रमाणे ५३.८ भाग अल्कोहोल निघायला हवं. त्याला मिळालं ५१ च्या आसपास. कमी पडलं ते वाया गेलं नव्हतं. तीनेक भाग ग्लिसरीन झालं होतं, थोडं सक्सिनिक आम्ल, आणि काही यीस्टच्या स्वतःच्या अंगी लागलं होतं. यीस्ट जिवंत आहे, ते वाढतं, त्यालाही खायला लागतं. किण्वन ही जिवाची क्रिया आहे, या पाश्चरच्या म्हणण्याला बळ देणाऱ्या गोष्टींत हा तुटीचा हिशेब होता. अपेक्षित आकडा ठाऊकच नसता, तर तूट दिसली कशी असती?

इथवर मी समीकरणाची बाजू घेतली. आता त्याच्या विरुद्ध साक्ष देणारी एक गोष्ट सांगतो, आणि तीही त्याच डिस्टिलरीच्या प्रयोगशाळेतली. मळीत साखर किती, हे ठरवायला तिथे फेहलिंगचं द्रावण वापरतात. कोनिकल फ्लास्कमध्ये तांब्याचं हे गडद निळं द्रावण, ते आचेवर उकळतंय, वर ब्यूरेटमध्ये पातळ केलेली मळी. थेंब थेंब सोडत जायचं. शेवटी मिथिलीन ब्ल्यूचे दोन-तीन थेंब टाकायचे. निळा रंग गेला, आणि खाली विटकरी गाळ दिसला, की वाचन घ्यायचं. उकळी थांबू द्यायची नाही. थांबली की हवेतला ऑक्सिजन रंग परत आणतो आणि नवखा माणूस पुन्हा ब्यूरेटची तोटी फिरवत बसतो.

पुस्तकात या अभिक्रियेचं समीकरण सुबक दिलेलं असतं: ग्लुकोजच्या एका रेणूला तांब्याचे दोन आयन. आता आपल्या त्रैराशिकाने तपासून पाहू. फेहलिंगच्या १० मिलिलिटर द्रावणात मोरचूद ०.३४६ ग्रॅम असतं. मोरचुदाचं रेणुवस्तुमान २५० च्या जवळ, म्हणजे तांबं सुमारे १.३९ मिलिमोल. हे सगळं तांबं उतरवायला ग्लुकोज लागतं साधारण ०.०५ ग्रॅम, म्हणजे ०.२८ मिलिमोल. भागून पाहा. एका ग्लुकोजमागे तांबं दोन नव्हे, पाच! पुस्तकातलं गुणोत्तर धरून मळीतली साखर काढली असती, तर अडीच पट आली असती. कारण असं, की गरम अल्कात ग्लुकोजचा रेणू अखंड राहतच नाही. त्याचे तुकडे होतात आणि ते तुकडेही तांब्याशी अभिक्रिया करतात. किती तुकडे, कोणते, हे उष्णतेवर, वेळेवर आणि संहतीवर अवलंबून. त्यामुळे इथे गुणोत्तर कागदावरून घेता येत नाही. आधी शुद्ध ग्लुकोज तोलून त्यावर द्रावण प्रमाणित करायचं, मग मळीला हात लावायचा. लेन आणि आयनन यांनी १९२३ मध्ये यासाठी कोष्टकं तयार केली, आणि ती प्रयोगांवरून केली, समीकरणावरून नाही.

म्हणजे समीकरण संतुलित असणं आणि समीकरण खरं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अणूंची बेरीज जुळली म्हणून फ्लास्कमध्ये तसंच घडतं, असं नव्हे. आपल्या परीक्षांमध्ये हा प्रश्न कधी विचारत नाहीत. ‘पुढील समीकरण संतुलित करा’ इतकंच विचारतात. माझ्या मते ‘हे समीकरण खरं आहे, हे तुम्ही कसं तपासाल?’ हा प्रश्न त्याहून मोलाचा आहे.

डिस्टिलरीतल्या याच इथेनॉलची आणखी एक गोष्ट. पेट्रोल पंपावर हल्ली २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि गाडी ॲव्हरेज कमी देते अशी कुरकुर ऐकू येते. थोडक्यात सांगतो. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजनचा एक अणू आधीच आहे, म्हणून एका इथेनॉलला जळायला ऑक्सिजनचे तीनच रेणू पुरतात. मोलवरून किलोवर आलं तर एक किलो इथेनॉलला नऊ किलो हवा, पेट्रोलला पावणेपंधरा. जो अर्धवट जळलेलाच आहे त्याच्यातून उष्णता कमी मिळणार, लिटरमागे पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश. किती कमी मिळते यावर वाद घाला, पण कमी मिळते यावर वाद नाही.

आता शेवटचा भाग. आतापर्यंत आपण मानलं, की एक गोष्ट मोजून घेतली आणि दुसरी हवी तेवढी आहे. तसं नेहमी नसतं. दोन गोष्टी लागत असतील, तर गुणोत्तराच्या मानाने जी आधी संपेल तीच पुढचं ठरवते. पुस्तकात हिला मर्यादा घालणारा अभिकारक म्हणतात आणि मुलांना यावरची गणितं सगळ्यांत अवघड जातात. मी ते घरातल्या गॅसवर करून दाखवतो.

आपल्या सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्यूटेन यांचं मिश्रण असतं. सोयीसाठी सगळं ब्यूटेन धरू. ब्यूटेनचे दोन रेणू, ऑक्सिजनचे तेरा, त्यांपासून कार्बन डायऑक्साइडचे आठ आणि पाण्याचे दहा. म्हणजे एका ब्यूटेनमागे साडेसहा ऑक्सिजन. १४.२ किलोचं सिलिंडर म्हणजे सुमारे २४५ मोल. ते जळायला ५१ किलो ऑक्सिजन लागतो, आणि त्यातून ४३ किलो कार्बन डायऑक्साइड व २२ किलो पाणी तयार होतं. स्वयंपाकघराची खिडकी उघडी असते, हवा खेळती असते, म्हणून हे आकडे आपल्याला जाणवत नाहीत.

आता हाच गॅस गिझरला जोडा आणि गिझर न्हाणीघरात बसवा. पाच फूट बाय सात फूट, उंची आठ फूट. आत सुमारे आठ घनमीटर हवा, त्यात ऑक्सिजन साधारण ६८ मोल. गिझर मिनिटाला सहा लिटर पाणी पंचवीस अंशांनी तापवतो असं धरलं, तर त्याला मिनिटाला सतरा ग्रॅम गॅस लागतो, म्हणजे ०.३ मोल. गुणिले साडेसहा, मिनिटाला जवळजवळ दोन मोल ऑक्सिजन. आंघोळ करणाऱ्या माणसाला स्वतःच्या श्वासासाठी मिनिटाला पाव लिटरच्या आसपास ऑक्सिजन पुरतो, गिझर ४७ लिटर ओढतो. त्या लहानशा खोलीत जणू पावणेदोनशेहून अधिक माणसं श्वास घेताहेत. दार बंद, थंडी म्हणून झडपाही बंद. दहा मिनिटांत खोलीतला पाव हिस्स्याहून जास्त ऑक्सिजन संपतो.

इथे ब्यूटेन भरपूर आहे. मर्यादा घालतोय तो ऑक्सिजन. आणि ऑक्सिजन अपुरा पडला, की समीकरणच बदलतं. दोन ब्यूटेनना तेराऐवजी नऊच ऑक्सिजन मिळाले, तर कार्बन डायऑक्साइडऐवजी कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. सगळा ऑक्सिजन संपेपर्यंत तो वाट बघत नाही, कमतरता सुरू झाली की ज्वाला थोडा थोडा सोडू लागते. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. त्याला रंग नाही, वास नाही. गॅसला जो वास येतो तो मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टनचा, आणि तो ज्वालेत जळून जातो. गॅस गळत असेल तर नाकाला कळतं, गॅस अर्धवट जळत असेल तर कळत नाही. माणसाला आधी डोकं जड वाटतं, मग गळून गेल्यासारखं होतं, आणि कडी काढायचं बळही हातात उरत नाही. दर हिवाळ्यात मुंबई-पुण्याकडच्या वर्तमानपत्रांत अशी बातमी येते. बहुतेक वेळा तरुण माणूस असतो, नळ चालू असतो आणि दार आतून बंद असतं.

माझं शेवटचं म्हणणं म्हणून सभागृहातल्या प्रत्येकाला उद्देशून आहे, मग त्याने रसायनशास्त्र कधी शिकलेलं असो वा नसो. गॅसचा गिझर न्हाणीघरात असेल, तर तो बाहेर, मोकळ्या हवेत बसवून घ्या. ते होईपर्यंत आधी बादली भरून घ्या, गिझर बंद करा आणि मग आत जा. झडपेवर पुठ्ठा लावला असेल तर आज रात्रीच काढा. भाड्याचं घर असेल तर घरमालकाला सांगा, आणि घरमालक तुम्ही स्वतः असाल तर भाडेकरूने सांगायची वाट बघू नका.